ऋतुगणना : मणिमाळेपासून भ्रमणध्वनीपर्यंत

ऋतुचक्राचे दिवस मोजण्याची प्रथा प्राचीन आहे. परंतु ही गणना कशासाठी करावयाची आणि तिची नोंद कोणाच्या हाती राहावयाची, या प्रश्नांची उत्तरे कालमानाप्रमाणे पालटत गेली आहेत. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात स्त्रियांचा ऋतुकाल सोळा रात्रींचा मानला असून त्यांपैकी पहिले चार दिवस निंद्य ठरविले आहेत. ही गणना पाळीच्या आरंभापासून पुढे जाते आणि तिचा हेतू संततिप्राप्ती हा आहे. विटाळ पाळणाऱ्या मराठी घरात ‘कावळा शिवला’ एवढे म्हटले की सर्वांस अर्थबोध होई. स्त्रीचे बाजूला बसणे हीच तेथे नोंद होती, आणि ती उघड होती.

आधुनिक गणनेचा पाया दोन वैद्यांनी स्वतंत्रपणे घातला. जपानातील क्यूसाकू ओगिनो यांनी १९२४ साली आणि ऑस्ट्रियातील हेर्मान क्नाउस यांनी १९२८ च्या सुमारास असे प्रतिपादिले की, स्त्रीबीज बाहेर पडण्याचा दिवस मागील पाळीवरून नव्हे, तर पुढील पाळीपासून मागे मोजून, सुमारे चौदा दिवस आधीचा, असा ठरतो. या सिद्धांतातच एक अडचण दडलेली होती. पुढील पाळी अद्याप आलेलीच नसते. म्हणून अनेक महिन्यांची नोंद ठेवून तिच्यावरून अनुमान करणे एवढाच मार्ग उरतो. सर्वांत लहान चक्रातून १८ आणि सर्वांत मोठ्यातून ११ वजा करण्याची रीत यातूनच निघाली. एखाद्या स्त्रीची चक्रे २६ ते ३१ दिवसांची असल्यास आठव्यापासून विसाव्यापर्यंतचे दिवस गर्भधारणेस अनुकूल समजावयाचे. चक्र जितके अनियमित, तितका वर्ज्य काल वाढतो.

भारतात या पद्धतीस नैतिक कारणांनी आश्रय मिळाला. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडून साधनांचा प्रसार आरंभिला होता. गांधीजींना मात्र कृत्रिम साधने अमान्य होती. डिसेंबर १९३५ मध्ये वर्धा येथे मार्गारेट सँगर यांच्याशी झालेल्या चर्चेत ‘सुरक्षित काला’स त्यांनी त्या मानाने कमी विरोध दर्शविला, कारण त्यात काही दिवसांचा तरी संयम होता. स्वातंत्र्यानंतर आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर यांचा कल याच बाजूस राहिला. १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या वतीने डॉ. अब्राहम स्टोन भारतात आले आणि दिल्लीची लोदी कॉलनी व म्हैसूर राज्यातील रामनगरम् येथे प्रयोग झाले. निरक्षर स्त्रियांसाठी रंगीत मण्यांची माळ योजिली गेली. तथापि अखेरपर्यंत ही पद्धत नियमाने पाळणारी जोडपी थोडीच उरली.

मणी मात्र टाकाऊ ठरले नाहीत. जॉर्जटाउन विद्यापीठातील संशोधकांनी २६ ते ३२ दिवसांची चक्रे असणाऱ्या स्त्रियांसाठी आठवा ते एकोणिसावा दिवस वर्ज्य मानणारी सोपी रीत बसविली आणि तिच्यासाठी ३२ मण्यांची माळ केली. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या परीक्षणात, रीत अचूक पाळणाऱ्या शंभर स्त्रियांमागे वर्षाला सुमारे पाच आणि एकूण वापरात सुमारे बारा गर्भधारणा आढळल्या.

२०१३ साली बर्लिनमध्ये ‘क्लू’ हे ॲप निघाले. पुढे अशी अनेक ॲप निघाली. ॲपलच्या ‘हेल्थ’ या ॲपमध्ये २०१४ साली आरोग्याची नानाविध मापे होती, पण पाळीची नोंद नव्हती; ती २०१५ साली आली. यंत्राने बेरीज-वजाबाकीचे श्रम वाचविले, परंतु ओगिनोंपुढील अडचण सोडविली नाही : केवळ तारखांवर चालणारे ॲपही भूतकाळावरून भविष्याचे अनुमानच करते.

नोंदीच्या मालकीचा प्रश्न मात्र नवा आहे. २०२१ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ‘फ्लो’ या ॲपवर वापरणाऱ्या स्त्रियांची माहिती फेसबुक व गूगल यांसह इतरांस पुरविल्याचा आरोप ठेवला; प्रकरण तडजोडीने मिटले. जून २०२२ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा घटनात्मक हक्क रद्द केल्यावर, चुकलेल्या पाळीची नोंद पुरावा म्हणून वापरली जाईल, ही भीती अनेकींना वाटू लागली.

जुन्या घरातील नोंद कुटुंबास ठाऊक होती व परक्यास अज्ञात होती. ॲपमधील नोंद कुटुंबापासून झाकता येते, पण परक्याच्या हाती जाऊ शकते. या दोहोंच्या मध्ये मण्यांची माळ येते. तिचे गणित स्थूल होते; पण तिच्यावरील नोंद जिची तिच्याच हातात राही.