जिन्यातल्या तीन रेघा

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असं चेअरमनसाहेब म्हणाले. जिन्यातल्या तीन निळ्या रेघांवरच लिहावं असं ठरवलं. रंगकामात त्या पुसायच्या की ठेवायच्या, यावरून मागच्या मीटिंगमध्ये बराच वाद झाला. फ्लॅट बघायला येणाऱ्याचं लक्ष आधी तिकडंच जातं, ही तक्रार काही खोटी नाही.

1999 साली आपण इथं आलो. सांगली, मिरज, कुपवाड मिळून महापालिका होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. प्लॉट बघायला गेलो तेव्हा शेजारच्या मळ्यातले आजोबा म्हणाले, "इथं पाणी येतंय बघा." शेवटचं कधी आलं, असं मी विचारलं. त्यांना साल आठवेना, आणि मला तेवढं पुरलं. भाव परवडत होता, कृष्णा लांब वाटत होती.

नियम तेव्हाही होता. पाटबंधारे खात्याच्या 1989 च्या परिपत्रकात निळी आणि लाल पूररेषा आहे. निळी सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत बांधकामाला मनाई, दोन्हींच्या मधे अटी घालून परवानगी. ही रेषा आपल्या प्लॉटच्या कुठल्या बाजूनं जाईल, हे आम्ही कुणीच विचारलं नाही. मी तर सेक्रेटरी होतो.

"25 वर्षांतून एकदा" या शब्दांनीही माणूस फसतो. एकदा येऊन गेला म्हणजे पंचवीस वर्षं निवांत, असा त्याचा अर्थ नाही. दरवर्षी चार टक्के शक्यता, कालच पूर ओसरला असला तरी.

आयर्विन पुलाजवळ 40 फूट ही इशारा पातळी आणि 45 फूट धोक्याची. 2005 ला पाणी 53 फुटांच्या वर गेलं, तळमजल्यावर गुडघाभर आलं. 2019 च्या ऑगस्टमध्ये 57 च्या वर. स्विचबोर्ड बुडाले, गच्चीवर स्वयंपाक झाला, बोटीची वाट बघत रात्री काढल्या. ते सगळ्यांना पाठ आहे, त्यामुळं इथं लिहीत नाही.

लिहायचं आहे ते 2021 बद्दल. आदल्या वर्षी तळमजल्यावरचा एक फ्लॅट विकला गेला. नवी फरशी, नवा रंग, पुराची खूण कुठंही नाही. ना-हरकत दाखल्यावर सही माझी. जुलैत पाणी पुन्हा आलं, जवळपास 55 फूट. नव्या कुटुंबातल्या वहिनी ओला संसार बाहेर काढताना म्हणाल्या, "काका, तुम्हाला माहीत होतं ना?" मला उत्तर देता आलं नाही. त्याच दिवाळीत मी रंगाचा डबा आणून तिन्ही पुरांच्या रेघा मारल्या.

आता पुनर्विकासाचं बोलणं चालू आहे. 2020 च्या एकत्रित विकास नियमावलीप्रमाणे दोन रेषांमधल्या जागेत जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान 0.45 मीटर, म्हणजे दीड फूट, वर हवं. खाली पार्किंग, वर घरं. खर्च वाढेल, तळमजलावाल्यांना वर जावं लागेल, म्हणून कुरकुर आहे. ती सर्वसाधारण सभेत होऊ दे.

रंगारी सोमवारी येतोय. रेघांभोवती वीतभर जागा सोड, असं मी त्याला सांगून ठेवलंय. चेअरमनसाहेबांनी अजून होकार दिलेला नाही.