दाबाचा अंदाज: गॅसिफायरच्या गणिताची कुळकथा

गॅसिफायर म्हणजे कोळसा मुद्दाम अर्धवट जाळणारा बंद रिअ‍ॅक्टर. लातूरजवळच्या परळीच्या औष्णिक केंद्रात भरपूर हवेवर कोळसा पुरता जळतो आणि त्या उष्णतेवर वाफ होते. गॅसिफायरला ऑक्सिजन तोकडा मिळतो. थोडा कोळसा जळून उष्णता देतो; उरलेल्याची वाफेशी आणि कार्बन डायऑक्साइडशी अभिक्रिया होऊन कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन तयार होतात. आत हजार अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याहून वरचे तापमान आणि राखेचा मारा. मोजमापाची उपकरणे तिथे फार टिकत नाहीत, म्हणून आतला कारभार गणितानेच ताडावा लागतो.

1973 च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेत या गणिताला पैसाही मिळाला आणि घाईही. वेन आणि चुआंग या संशोधकांनी 1979 मध्ये टेक्साको कंपनीच्या गॅसिफायरचे गणिती प्रारूप मांडले. त्याचा हिशेब गॅसिफायरच्या लांबीच्या एकाच दिशेने चाले. त्यात वायूत कोणते घटक किती आहेत ते कळे. झोत कुठे वळतो, राख भिंतीला कुठे चिकटते, ते कळत नसे.

त्यासाठी लागणारी किल्ली तोवर तयार झालेली होती, आणि ती घडवणाऱ्या दोघांपैकी एक पुण्याचे. सुहास पाटणकर पुण्याच्या इंजिनीअरिंग कॉलेजचे 1962 चे पदवीधर. मुंबईच्या आयआयटीतून ते लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात गेले आणि ब्रायन स्पाल्डिंग यांच्याकडे त्यांनी 1967 मध्ये पीएच.डी. मिळवली. 1972 मध्ये दोघांनी ‘सिंपल’ ही पद्धत प्रसिद्ध केली. अडचण जुनीच होती: वायूचा वेग काढायला दाब हवा, पण दाबाचे वेगळे समीकरणच नाही. त्यांनी दाब आधी अंदाजाने धरला. भट्टीची पोकळी लहान लहान खणांत विभागायची. एखाद्या खणात वायू जास्त शिरतोय आणि कमी बाहेर पडतोय असे दिसले, की तिथला दाब वाढवायचा. पुढच्या फेरीत आत येणारा ओघ कमी होतो. सगळ्या खणांची आवक-जावक जुळेपर्यंत फेऱ्या चालू. पाटणकरांच्या 1980 च्या पुस्तकाने ही रीत जगभरच्या अभियंत्यांच्या हाती दिली. अमेरिकेत मॉर्गनटाउनच्या सरकारी प्रयोगशाळेत तयार झालेली ‘एमफिक्स’ ही आज्ञावली वायू आणि घनकण दोन्हींचा हिशेब याच पद्धतीच्या विस्तारावर करते.

भारतातही यावर काम झाले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत तेव्हा असलेले विवेक रानडे यांचा रिअ‍ॅक्टरांतील प्रवाहगणितावरचा ग्रंथ 2002 मध्ये आला. भुकटी कोळशाच्या बॉयलरांवरही त्यांनी देवकुमार गुप्तांसह पुस्तक लिहिले. मुंबई आयआयटीत संजय महाजनी, अनुराधा गणेश आणि प्रीती अघलायम यांनी जमिनीखालच्या कोळशाचा जागीच वायू करण्याच्या प्रक्रियेवर प्रयोग आणि प्रारूपे, दोन्ही कामे केली.

प्रवाहाचे गणित असे बरेच सुटले. रसायनाची बाजू अजून लंगडी आहे. भारतीय कोळशात राख बहुधा 30 ते 45 टक्के. परदेशी कोळशाचे अभिक्रियावेग त्याला जसेच्या तसे लावले, तर पडद्यावरचे चित्र सुबक येते आणि उत्तर चुकते. म्हणून कोळशाचा नमुना आधी प्रयोगशाळेतल्या तापतराजूवर तापवून त्याचे वजन कसे घटते ते पाहतात, आणि तो वेग प्रारूपात घालतात. मगच ऑक्सिजन किती, वाफ किती आणि राख वितळू न देता तापमान कुठवर न्यायचे, हे ठरवता येते.