खोल समुद्रातला नवा मासा : दिसणं वेगळं, नोंद होणं वेगळं

पॅसिफिक महासागरातल्या मरियाना गर्तेवर २०१४ च्या अखेरीस 'फाल्कर' हे संशोधन जहाज महिनाभर काम करत होतं. तळाशी सोडलेल्या कॅमेऱ्यांसमोर इतर जिवांबरोबर दोन प्रकारचे स्नेलफिश आले. एक गुलाबीसर होता आणि तो सापळ्यातही अडकला. दुसरा पांढुरका, कागदासारखे पातळ पर हलवत ८,१०० मीटरहून खोल पाण्यात दिसला आणि निघून गेला. पहिल्याला २०१७ मध्ये शास्त्रीय नाव मिळालं. दुसऱ्याचं चित्रण जगभर पाहिलं गेलं, पण विज्ञानाच्या वहीत त्याच्या नावाची ओळ अजून कोरीच आहे.

'नवा मासा सापडला' अशी बातमी आपण वाचतो तेव्हा सापडणं आणि नोंद होणं यांतला हा फरक सहसा लक्षात येत नाही. मासा दिसणं ही सुरुवात असते. त्याला प्रजाती म्हणून मान्यता मिळायला नमुना, तुलना, वर्णन, नाव आणि प्रकाशन अशा पायऱ्या चढाव्या लागतात. त्या कशा चढतात, हे या पहिल्या माशाच्या उदाहरणावरून नीट कळतं.

नावाची एवढी काय गरज?

ज्याला मुंबईकर सुरमई म्हणतो, तो गोव्यात इस्वण होतो आणि मंगळुरूकडे गेलात की अंजल. बाजारात यानं काही बिघडत नाही, मासा समोर असतो. पण एका देशातल्या संशोधकानं लिहिलेलं दुसऱ्या देशातल्या संशोधकाला कळायचं असेल, तर दोघांना एकच नाव लागतं. म्हणून दोन शब्दांचं शास्त्रीय नाव. पहिला शब्द कुळीचा, दुसरा प्रजातीचा. ही पद्धत स्वीडनच्या कार्ल लिनियसनं रूढ केली आणि प्राण्यांच्या नावांची अधिकृत सुरुवात त्याच्या १७५८ च्या ग्रंथापासून धरली जाते. आज यासाठी प्राणी नामकरणाची आंतरराष्ट्रीय नियमावली आहे. एकाच प्राण्याला दोघांनी नावं दिली, तर साधारणपणे आधी प्रसिद्ध झालेलं नाव टिकतं.

नुसतं पाहिलं म्हणून चालत नाही

अमेरिकी निसर्गशास्त्रज्ञ विल्यम बीब यांनी १९३० च्या दशकात बर्म्युडाजवळ पोलादी गोळ्यात बसून समुद्रात बुड्या मारल्या. १९३४ च्या ऑगस्टमध्ये ते आणि ओटिस बार्टन ९२३ मीटरपर्यंत उतरले, हा त्या काळचा विक्रम होता. छोट्या खिडकीतून जे दिसलं त्यावरून बीब यांनी काही माशांना नवी शास्त्रीय नावंही देऊन टाकली. त्यातला एकही मासा त्यानंतर कुणाच्या हाती लागलेला नाही. ती नावं आज कुतूहल म्हणूनच उरली आहेत.

दुसरं उदाहरण १९६० चं. जाक पिकार आणि डॉन वॉल्श 'ट्रिएस्ट' या पाणबुडीतून मरियाना गर्तेच्या सर्वांत खोल भागात, सुमारे १०,९०० मीटरवर पोचले. आपण तिथं चपटा मासा पाहिला, असं पिकार यांनी सांगितलं. बहुतेक तज्ज्ञ हे मान्य करत नाहीत. तो दुसरा एखादा प्राणी, बहुधा समुद्रकाकडी असावी, असं त्यांना वाटतं. नमुना नाही, स्पष्ट फोटो नाही, मग तपासायचं काय?

नियमावलीत फोटोवरून नाव द्यायला थोडी वाट आहे, पण ती वादाची मानली जाते. फोटोत माशाचे मणके मोजता येत नाहीत, दात पाहता येत नाहीत, डीएनए काढता येत नाही.

आठ किलोमीटर खोल सापळा

मरियाना गर्तेतला मासा पकडायला जाळं ओढत नेलं नाही. इतक्या खोलीवर उघड्या तोंडाच्या जाळ्याची पंचाईत अशी, की मासा तळाशी अडकला की वर येताना मधेच, हे सांगता येत नाही. १९७० साली प्वेर्तो रिको गर्तेत ८,३७० मीटरवर ओढलेल्या जाळ्यात 'अबिसोब्रोट्युला गॅलाथी' हा मासा मिळाला. अनेक वर्षं तोच सर्वांत खोल मासा म्हणून पुस्तकांत राहिला. आता त्या खोलीवर शंका घेतली जाते, ती याच कारणानं.

म्हणून 'लँडर' वापरतात. ही एक धातूची चौकट असते, तिला दोरखंड नसतो. तिच्यावर कॅमेरा, सापळा, खोली मोजणारं यंत्र आणि आमिष बांधतात, आणि जड वजन लावून पाण्यात सोडून देतात. तळ गाठायलाच काही तास जातात. काम झालं की जहाजावरून ध्वनीचा संकेत जातो, वजन सुटतं आणि चौकट तरंगत वर येते. आमिष असतं मॅकरेलचं, म्हणजे आपल्या बांगड्याच्याच कुळातल्या माशाचं. आमिषावर आधी कोळंबीसारखे बारीक जीव जमतात आणि त्यांना खायला स्नेलफिश येतात.

अशा सापळ्यांतून २०१४ आणि २०१७ मध्ये मिळून ३७ मासे हाती आले, ६,८९८ ते ७,९६६ मीटर खोलीवरून. तिथं दाब समुद्रसपाटीच्या सातशे ते आठशे पट असतो आणि पाणी बर्फाच्या थोडंच वर. बऱ्याच माशांच्या पोटात हवेची पिशवी असते, ती वर येताना फुगते आणि मासा फाटतो. स्नेलफिशला ती पिशवीच नसते, त्यामुळे त्याचं शरीर बऱ्यापैकी धड येतं. मात्र ते अतिशय नाजूक असतं. खवले नाहीत, कातडी जवळजवळ पारदर्शक, त्याखाली जेलीसारखा थर. ओला बोंबील हाताळलेल्या माणसाला याची कल्पना लवकर येईल.

म्हणून जहाजावर घाई असते. ताजेपणी फोटो काढायचे, कारण रसायनात रंग जातो. मग मांसाचा छोटा तुकडा वेगळा ठेवायचा, कारण फॉर्मलिननं डीएनए खराब होतो. त्यानंतरच मासा फॉर्मलिनमध्ये आणि पुढं अल्कोहोलमध्ये जातो.

नवा आहे हे ठरवायचं कसं?

स्नेलफिशच्या कुळात चारशेहून जास्त प्रजाती आहेत. काही किनाऱ्यालगत खडकाला चिकटून राहतात, तर काही गर्तांमध्ये. तेव्हा पहिला प्रश्न असा, की हा मासा आधीच कुणी नोंदवलेला तर नाही?

मरियानाच्या माशाचे सर्वांत जवळचे दोन नातेवाईक उत्तरेच्या गर्तांमधले. एक कुरील-कामचात्का गर्तेतला, १९५५ मध्ये वर्णन झालेला, आणि दुसरा जपान गर्तेतला, १९९३ मध्ये वर्णन झालेला. तिघं वरवर सारखेच दिसतात. अशा वेळी परांतले काटे मोजतात, मणके मोजतात, डोक्याची, डोळ्याची, पोटाखालच्या चिकटचकतीची मापं घेऊन त्यांचं शरीराच्या लांबीशी प्रमाण काढतात. सीटी स्कॅन केला की मासा न कापता हाडं दिसतात. मरियानाच्या एका माशाच्या स्कॅनमध्ये तर त्यानं गिळलेला छोटा कवचधारी जीवही पोटात दिसला. शेवटी डीएनएची तुलना. शरीराचे पुरावे आणि डीएनए दोन्ही एकाच बाजूला बोलले, तेव्हा प्रजाती वेगळी धरली गेली.

सगळ्यांना ३७ मासे मिळतात असं नाही. कॅलिफोर्नियाच्या समुद्रात २०१९ मध्ये मिळालेल्या एका गुलाबी, खडबडीत कातडीच्या स्नेलफिशचं वर्णन २०२५ मध्ये एकाच नमुन्यावरून झालं. मधली वर्षं तुलनेत आणि तपासणीत जातात.

एक मासा सगळ्यांच्या वतीनं

वर्णन करताना एक नमुना निवडून त्याला 'होलोटाइप' ठरवावं लागतं. प्रजातीचं नाव त्या एका माशाला बांधलेलं असतं. तो संग्रहालयात क्रमांक लावून जपला जातो, म्हणजे शंभर वर्षांनी कुणाला शंका आली तरी बरणी उघडून पुन्हा मोजता येतं. मोजणीचे उत्तम आकडे एखाद्या लेखात असले, तरी पुन्हा मोजायला मासा लागतोच.

मग नाव. मॅकेन्झी गेरिंगर आणि चार सहकाऱ्यांनी नोव्हेंबर २०१७ मध्ये 'झूटॅक्सा' या नियतकालिकात या माशाचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि नाव ठेवलं 'स्यूडोलिपॅरिस स्वायरेई'. हे स्वायर कोण? १८७२ ते १८७६ या काळात जगभर फिरलेल्या 'चॅलेंजर' या ब्रिटिश जहाजावरचे कनिष्ठ अधिकारी हर्बर्ट स्वायर. याच जहाजानं मार्च १८७५ मध्ये दोरीला वजन बांधून मरियाना गर्तेत ४,४७५ फॅदम, म्हणजे सुमारे ८,१८४ मीटर खोली मोजली होती. स्वायर यांनी प्रवासभर रोजनिशी लिहिली, ती १९३८ मध्ये छापली गेली. शास्त्रज्ञांचं नाव होतं, पण जहाज चालवणारे, दोर ओढणारे मागं राहतात. त्यांच्या श्रमाची आठवण म्हणून हे नाव निवडलं गेलं.

नाव मिळाल्यावर काय होतं?

नाव मिळालं की त्याभोवती माहिती जमू लागते. २०१९ मध्ये चिनी संशोधकांनी या माशाचा जनुकीय आराखडा प्रसिद्ध केला. हाडं टणक होण्याशी संबंधित एक जनुक त्यात बिघडलेलं आढळलं. कवटी पूर्ण बंद नसते, सांगाडा बराचसा कूर्चेसारखा मऊ राहतो. दृष्टीशी संबंधित काही जनुकंही गळालेली आहेत. तिथं सूर्यप्रकाश पोचतच नाही.

मासे किती खोल जगू शकतात, याचाही अंदाज आहे. खोल पाण्यातल्या माशांच्या शरीरात टीएमएओ नावाचं संयुग असतं, ते प्रथिनांना दाबापासून सांभाळतं. शिळ्या मासळीचा ओळखीचा वास याच संयुगाच्या विघटनातून येतो. खोली वाढेल तसं त्याचं प्रमाण वाढतं आणि साधारण ८,२०० मीटरला शरीरातले क्षार समुद्राच्या बरोबरीला येतात. त्यापलीकडं बाहेरचं पाणी शरीरात शिरू लागेल, असा २०१४ मधला निष्कर्ष होता. पुढं २०२२ मध्ये जपानच्या दक्षिणेला इझू-ओगासावारा गर्तेत ८,३३६ मीटरवर एका स्नेलफिशचं चित्रण झालं, म्हणजे अंदाजाच्या अगदी काठावर. त्याच मोहिमेत जपान गर्तेत ८,०२२ मीटरवर दोन मासे पकडले गेले. पकडलेल्यांची प्रजाती सांगता आली. सर्वांत खोल दिसलेल्याची नाही.

आपल्या समुद्राचं काय?

हिंदी महासागरातल्या खोल माशांची नोंद नवी नाही. मुंबईच्या गोदीत बांधलेल्या 'इन्व्हेस्टिगेटर' या सर्वेक्षण जहाजावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आल्फ्रेड अल्कॉक हे सर्जन-निसर्गशास्त्रज्ञ होते. अरबी समुद्र आणि बंगालच्या उपसागरातून जाळ्यात आलेल्या अनेक माशांचं पहिलं वर्णन त्यांनी केलं. कोलकात्याच्या इंडियन म्युझियममधल्या खोल समुद्रातल्या माशांची त्यांची सूची १८९९ मध्ये निघाली. आज अरबी समुद्रात कुणाला खोल पाण्यातला अनोळखी मासा मिळाला, तर अल्कॉक यांच्या नमुन्यांशी तुलना टाळता येत नाही.

हा विषय केवळ हौसेचा राहिलेला नाही. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या 'गवेषणी' जहाजानं १९८१ मध्ये हिंदी महासागराच्या तळावरून धातूंचे गोळे वर आणले. त्यात मँगनीज, निकेल, तांबं आणि कोबाल्ट असतं. मध्य हिंदी महासागरात ७५,००० चौरस किलोमीटर भागात या गोळ्यांच्या शोधाचे हक्क भारताकडे आहेत. उद्या तिथं खाणकाम सुरू झालं, तर तळावरच्या जिवांचं काय होईल, हे आधी तपासावं लागेल. त्यासाठी तिथं कोण राहतं याची यादी हवी. ज्याचं वर्णनच झालेलं नाही, तो घटला की संपला हे कशावरून ठरवणार? आणि हे काम करणारे वर्गीकरणतज्ज्ञ सगळीकडेच कमी आहेत.

अशी बातमी वाचताना

पुढच्या वेळी 'नवा मासा सापडला' असं वाचलंत, तर चार गोष्टी बघा. नमुना हाती आहे की फक्त चित्रण? होलोटाइप कुठल्या संग्रहात ठेवलाय? तुलना कुठल्या प्रजातींशी केली? आणि वर्णन कुठल्या नियतकालिकात प्रसिद्ध झालं? चारही उत्तरं मिळाली तर ती नवी प्रजाती. पहिल्याच प्रश्नाला 'फक्त चित्रण' असं उत्तर आलं, तर मासा खरा असेलही, पण त्याची नोंद व्हायची आहे.