भिलाई : पोलाद आणि लाल-हिरवा ध्वज

भिलाईचा इतिहास लिहिताना आपली लेखणी १९५५ चा सोव्हिएत करार आणि १९५९ ची पहिली झोतभट्टी यांपाशीच रेंगाळते. वस्तुतः या पोलादाचा आरंभ दल्ली-राजहराच्या लोहखाणींत होतो. तेथील ठेकेदारी मजूर आणि कारखान्यातील कायम कामगार यांच्यातील अंतर पाहिले म्हणजे सार्वजनिक मालकी व समता हे समानार्थी शब्द नव्हेत, हे निराळे सांगावे लागत नाही. १९७७ साली शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली हे मजूर संघटित झाले; त्याच जूनमधील गोळीबारात 11 बळी पडले, आणि त्यांच्या स्मृत्यर्थ मजुरांनी १९८३ साली शहीद रुग्णालय उभारले. (आपल्या वाङ्मयीन संस्था इतक्या अल्प साधनांत काय उभारतात, हा प्रश्न येथे नको!)

नियोगींचे खरे वैशिष्ट्य मला अन्यत्र दिसते. यंत्राला सरसकट नकार न देता त्यांनी अर्धयांत्रिकीकरणाचा पर्याय मांडला, आणि जंगलाचा प्रश्न मजुरीच्या प्रश्नापासून तोडला नाही. कामगारांच्या लाल रंगाशेजारी शेतकऱ्यांचा हिरवा रंग आला, तो याच दृष्टीने. २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईत, झोपेत असताना, त्यांची हत्या झाली. कोळशावर पोसलेल्या पोलादाचा हिशेब आज हवामानबदलाच्या संदर्भात मांडताना आपले पुरोगामी समीक्षक बहुधा पाश्चात्त्य ग्रंथच उघडतात.