सतरा जणांचं दुकान

शिकागोला जाणं झालं, की हाइड पार्कमधल्या 'सेमिनरी को-ऑप' या पुस्तकांच्या दुकानात माझी चक्कर होतेच.

१९६१ साली १७ पुस्तकवेड्यांनी प्रत्येकी १० डॉलर काढून हे दुकान सुरू केलं. म्हणजे भांडवल सगळं मिळून १७०! जागा एका धर्मशास्त्राच्या सेमिनरीचं तळघर. डोक्यावर पाइप, खाली कपाटांचा चक्रव्यूह. 'सहकारी' म्हटलं की आपल्याला आधी साखर कारखाना आठवतो. इथे लोकांनी सहकारातून पुस्तकं विकली. पुढे सभासद पन्नास हजारांवर गेले. बराक ओबामा त्यांतलेच एक.

मग सेमिनरीची इमारत विद्यापीठाने घेतली आणि तिथे आलं काय, तर अर्थशास्त्र! २०१२ मध्ये दुकान जवळच वुडलॉन अव्हेन्यूवर, फ्रँक लॉइड राइटच्या रोबी हाउसशेजारी गेलं. आता मोठ्या खिडक्या आहेत, भरपूर उजेड आहे. मला तो जरा जास्तच वाटतो, असो.

खरा प्रश्न जागेचा नव्हताच. एखादा जाडजूड अभ्यासग्रंथ वर्षानुवर्षं कपाटात गिऱ्हाइकाची वाट बघत बसतो. त्याचं भाडं कोण भरणार? कुठल्याही दुकानदाराने तो केव्हाच परत पाठवला असता. पण तो समोर दिसला नाही, तर आपल्याला हवा होता हे कळणार तरी कसं?

२०१९ मध्ये दुकान ना-नफा संस्था झालं, आणि पुस्तकं विकणं हेच तिचं उद्दिष्ट ठरलं. नावात 'को-ऑप' मात्र तसंच ठेवलंय.