दोन आकड्यांची काटकसर

परवा नातवाने विचारलं, "आजोबा, वायटूके म्हणजे काय?"

त्याचा बाप तेव्हा मुंबईत कोबोलचे जुने प्रोग्राम तपासायचा. पंचकार्डावर जागा ८० अक्षरांची, मेमरी महाग. म्हणून सालाचे शेवटचे दोनच आकडे लिहायची पद्धत पडली. (हजेरीपटावर मीही तेच करायचो, तेव्हा हसायचा हक्क मला नाही.) मग '००' म्हणजे १९०० की २०००? बॉब बेमर या अमेरिकन प्रोग्रामरने १९७१ सालीच लेख लिहून सावध केलं होतं. फारसं कुणी मनावर घेतलं नाही.

३१ डिसेंबर १९९९ची रात्र चिरंजीवांनी ऑफिसात काढली. सकाळी बघतो तर दिवे चालू, फोन चालू. मी म्हटलं, "कशाला एवढा बाऊ केलात रे?" तो चहा पिऊन झोपला.

पुढे वाचनात आलं की इंग्लंडात शेफील्डला गर्भवतींच्या तपासणीच्या संगणकात हीच चूक राहिली होती. वयाचा हिशोब चुकला आणि दीडशेवर बायकांना डाउन सिंड्रोमचा धोका चुकीचा कळवला गेला.

हे नातवाला रंगवून सांगत होतो. चिरंजीव शेजारीच पेपर वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "तेव्हा मात्र 'बाऊ' म्हणाला होतात, बाबा."