कॅसेटीतली माणसं

आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षे पूर्ण होत आहेत. स्मरणिका समितीच्या पहिल्याच बैठकीत कुणीतरी म्हणालं, "नुसते फोटो छापून काय होतंय? भूमिपूजनाचं शूटिंग केलं होतं की! तेच पडद्यावर दाखवू." कल्पना सर्वांना पटली. घरोघरच्या जुन्या व्हिडिओ कॅसेटी गोळा करून त्या कॉम्प्युटरवर घ्यायचं काम माझ्याकडं आलं. रिटायर माणूस, वेळच वेळ, हे त्यामागचं कारण. आठ दिवसांत चौदा कॅसेटी जमल्या. भूमिपूजनाची एक, बाकी लग्नं, बारशी, वास्तुशांती. त्या कॅसेटींचं पुढं काय झालं, त्यात माझी चूक काय झाली आणि त्यातून मी काय शिकलो, ते इथं लिहितो.

आधी थोडा इतिहास. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. रंगीत चित्र मात्र १९८२ साली, दिल्लीच्या आशियाई खेळांच्या वर्षी आलं आणि त्याच सुमारास व्हिडिओही देशभर पसरू लागला. तिकडं जपानमध्ये सोनी कंपनीची बेटामॅक्स १९७५ साली आणि जेव्हीसीची व्हीएचएस १९७६ साली बाजारात आली होती. दोन्हींची बरीच वर्षे चुरस चालली. एका कॅसेटवर जास्त वेळ रेकॉर्डिंग होणं आणि इतर कंपन्यांनाही ती पद्धत वापरायला मिळणं यामुळं व्हीएचएस जिंकली. आपल्याकडं 'व्हिडिओ कॅसेट' म्हणतात ती हीच.

आपल्या भागात व्हिडिओ आला तो भाड्यानं. रंगीत टीव्ही, व्हीसीआर आणि तीन पिक्चर, असं रात्रभराचं भाडं. गणपतीत गल्लीत पडदा बांधून, सतरंजी टाकून पहाटेपर्यंत बघायचं. पुढं लग्नात खांद्यावर कॅमेरा आणि हातात डोळे दिपवणारा दिवा घेतलेला शूटिंगवाला दिसू लागला. आपल्या तालुक्यातून दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात, त्या उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्यामुळं बरीच लग्नं चैत्र-वैशाखात. मंडपात कोण आलं, कोण नाचलं, कुणी मांडवाच्या खांबाला टेकून डोळे पुसले, हे घरच्यांना कॅसेट आल्यावरच निवांत बघायला मिळायचं. आज त्या कॅसेटींना मोल आहे ते यासाठी. त्यातली निम्मी माणसं आता नाहीत.

तर चौदा कॅसेटी मी एका दुकानात दिल्या. पेनड्राइव्ह आला. लावून पाहिला तर चित्रावर पांढऱ्या रेघा आणि मुंग्या, चेहरे ओळखू येईनात. आवाज मात्र स्वच्छ. दुकानदार म्हणाला, "काका, पंचवीस-तीस वर्षांच्या कॅसेटी आहेत. टेपच मेलीय." मी विश्वास ठेवला. आमच्या शेजारच्या वहिनींनी विचारलं, "भाऊजी, मग ही कॅसेट ठेवायची का टाकायची?" मी म्हणालो, "आता काय उपयोग? पेनड्राइव्हवर आलंय तेवढं आलं." त्यांनी कॅसेट भंगारवाल्याला दिली. त्यात त्यांच्या लग्नाचं शूटिंग होतं आणि त्यांच्या वडिलांचं दुसरं चलचित्र घरात नाही.

बँकेत असताना ताळेबंद जुळला नाही की आम्ही लगेच 'रक्कम बुडाली' असं म्हणत नसू. एकेक खातं वेगळं काढून फरक कुठं आहे ते शोधायचो. इथं मात्र मी फरक शोधलाच नाही. खरं तर स्वच्छ आवाज हाच त्यातला धागा होता, पण तो मला उशिरा कळला.

व्हीएचएसची टेप अर्धा इंच रुंद असते. तीन तासांच्या कॅसेटमध्ये ती अडीचशे मीटरहून थोडी जास्त असते. आवाज टेपच्या कडेला सरळ पट्टीत असतो आणि तो वाचणारं हेड एका जागी स्थिर असतं. चित्राचं तसं नाही. चित्राच्या बारीक तिरप्या रेषा टेपवर लिहिलेल्या असतात आणि त्या वाचणारी हेडं एका गोल ड्रमवर बसवलेली असतात. हा ड्रम आपल्या पाल पद्धतीत मिनिटाला १५०० फेरे घेतो. एका रेषेची रुंदी मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढी. त्या नाजूक हेडावर थोडी धूळ किंवा टेपची पूड बसली की चित्रावर मुंग्या येतात, पण आवाजाला काही होत नाही. म्हणजे चित्र सगळीकडं खराब आणि आवाज चांगला असेल, तर पहिला संशय मशीनच्या हेडावर घ्यायचा. टेप मेली असं ठरवायची घाई करायची नाही.

हे मला सांगितलं पूर्वी टीव्ही दुरुस्ती करणाऱ्या आपल्याच एका सभासदानं. त्याच्याकडं माळ्यावर एक व्हीसीआर होता. त्यानं उरलेल्या तेरा कॅसेटी क्रमानं तपासल्या. आधी खिडकीतून टेपच्या कडेवर पांढरी भुरी दिसते का ते पाहिलं. बुरशी आलेली कॅसेट चांगल्या मशीनमध्ये घातली, तर मशीन आणि पुढच्या कॅसेटी दोन्ही खराब होतात. अशा दोन निघाल्या, त्या बाजूला ठेवल्या. मग मशीनची वायर काढून, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेलं मऊ चामडं ड्रमला नुसतं टेकवून धरलं आणि ड्रम हातानं हळू फिरवला. वर-खाली घासलं तर हेड तुटतं आणि कापसाचे धागे त्यात अडकतात, हे त्यानं दोनदा बजावलं. त्यानंतर प्रत्येक कॅसेट एकदा पूर्ण पुढं आणि पूर्ण मागं फिरवून घेतली.

पुढची पायरी मला फार पटली. कॉम्प्युटर लांब ठेवून आधी व्हीसीआर सरळ जुन्या टीव्हीला जोडला. टीव्हीवर चित्र चांगलं आणि कॉम्प्युटरवर वाईट, तर दोष मधल्या जोडणीचा. टीव्हीवरही वाईट, तर दुसरी कॅसेट लावायची. सगळ्याच वाईट दिसल्या तर दोष मशीनचा, एकच वाईट दिसली तर त्या कॅसेटचा. एका कॅसेटवर पट्टा सरकत होता, तो ट्रॅकिंगचं बटण फिरवल्यावर गेला. एकीत चित्राचा वरचा भाग झेंड्यासारखा वाकत होता. चित्राच्या ओळींची वेळ मागंपुढं झाली की असं होतं. जुना डीव्हीडी रेकॉर्डर मध्ये जोडून पाहिला, तेव्हा ते बरंच सुधारलं. प्रत्येक रेकॉर्डर हे करत नाही, त्याच्याकडच्यानं केलं.

कॉम्प्युटरकडचे दोष वेगळे. पिवळी वायर ढिली होती. सॉफ्टवेअरमध्ये पालऐवजी अमेरिकी एनटीएससी पद्धत निवडलेली होती, त्यामुळं चित्र काळं-पांढरं येत होतं. जुनं ४:३ चित्र रुंद पडद्याएवढं ताणलं गेलं, तर नवरा-नवरी बुटकी आणि जाड दिसतात. हलणाऱ्या हाताच्या कडेला फणीसारखे दात दिसले, तर अर्ध्या-अर्ध्या चित्रांची जुळणी नीट झालेली नसते. आणि पेनड्राइव्हवर जास्त मावावं म्हणून फाइल फार दाबली, तर गेलेला तपशील परत येत नाही.

काही गोष्टींना मात्र इलाज नाही. लग्नाची कॅसेट घरी आली ती बहुधा मिक्सिंग केलेल्या कॅसेटची कॉपी आणि व्याह्यांकडं गेली ती त्या कॉपीची कॉपी. दरवेळी चित्र थोडं पुसट होत जातं. मूळ व्हीएचएसमध्येच आडवा तपशील सुमारे २४० रेषांचा, त्यामुळं आजच्या मोबाइलसारखं चित्र कधीच येणार नाही. पत्र्याच्या घरातल्या माळ्यावर वैशाखाच्या उन्हात तापलेली टेप, लोडशेडिंगमध्ये मशीनमध्ये अडकून चुरगळलेली टेप, यांना पूर्ववत करता येत नाही. आणि एका घरात तर साखरपुड्यावर क्रिकेटची मॅच रेकॉर्ड केलेली निघाली!

हे दुःख एकट्या शिरूरचं नाही. आपला पहिला बोलपट 'आलम आरा' १९३१ सालचा, त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालं, पण तोवर कितीतरी मूकपट नष्ट झाले होते. पुण्यातच जानेवारी २००३ मध्ये आग लागून नायट्रेटच्या जुन्या फिती जळाल्या. टेपचा प्रश्न आणखी वेगळा. टेप शिल्लक राहील, पण वाजवायला मशीन राहणार नाही. जपानच्या फुनाई कंपनीनं २०१६ साली व्हीसीआर बनवणं बंद केलं. युनेस्कोनंही २०१९ साली चुंबकीय टेपबाबत जगभर इशारा दिला होता.

तेरापैकी दहा कॅसेटी चांगल्या उतरल्या. भूमिपूजनाची त्यात आहे. आपले पहिले अध्यक्ष नारळ फोडताना दिसतात आणि "रस्ता रुंद ठेवा रे, उद्या तुमच्याच गाड्या येतील," हे त्यांचं वाक्य स्पष्ट ऐकू येतं.

वहिनींकडं मी जाऊन चूक कबूल केली. त्या काही बोलल्या नाहीत, चहा ठेवला. मग त्यांच्या मुलानं तोच पेनड्राइव्ह लावला. पडद्यावर मुंग्याच मुंग्या. पण पाठवणीच्या वेळचा त्यांच्या वडिलांचा आवाज जसाच्या तसा होता. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, पडदा बंद करा. नुसतं ऐकू द्या." आता तो आवाज वेगळा काढून मी तीन ठिकाणी ठेवला आहे.

म्हणून सर्व सभासदांना हात जोडून विनंती. कॅसेट कॉम्प्युटरवर आली तरी मूळ कॅसेट टाकू नका. व्हाउचरची नोंद खातेवहीत झाली म्हणून आम्ही व्हाउचर फाडत नव्हतो. कॅसेट उभी ठेवा, कोरड्या आणि सावलीच्या जागी ठेवा, आणि फाइलच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवा. बुरशी आलेल्या दोन आणि न उतरलेली एक, अशा तीन कॅसेटी अजून माझ्या कपाटात आहेत. कुणाच्या पाहुण्यांत जाणकार असेल तर जरूर कळवा. आणि ज्यांच्या माळ्यावर अजून डबा उघडायचा राहिला आहे, त्यांनी कृपा करून पुढच्या उन्हाळ्याच्या आत उघडावा.